लांडग्यांच्या शत्रूची कबुली

१९०९ साल. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या अपाची राष्ट्रीय वनात वनखात्याची एक तुकडी उंच कड्यावर दुपारचे जेवण घेत होती. खालच्या नदीतून एक प्राणी अलीकडे येताना दिसला. हरिणी असेल, असे सगळ्यांना वाटले. काठावर येऊन तिने अंग झटकले, तेव्हा ती लांडग्याची मादी असल्याचे लक्षात आले. तिची मोठी झालेली पिल्ले झुडपांतून धावत आली आणि शेपट्या हलवत तिच्याभोवती बागडू लागली. कड्यावरच्या लोकांनी लगेच बंदुका उचलल्या. गोळ्या संपल्या तेव्हा मादी कोसळली होती आणि एक पिल्लू जखमी पाय ओढत खडकांत शिरत होते. तुकडीतील एक तरुण अधिकारी खाली पोहोचला, तेव्हा मादीच्या डोळ्यांतले तेज मावळत होते.

त्या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याचे नाव ऑल्डो लिओपोल्ड. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील आणि लांडगे संपले की शिकाऱ्यांची चंगळ होईल, असे त्यांचे साधे गणित होते. ते चुकल्याचे जाहीरपणे मान्य करायला त्यांना पस्तीस वर्षे लागली. वन्यजीवशास्त्राच्या इतिहासात त्या कबुलीला मोठे स्थान आहे.

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवातील बर्लिंग्टन या मिसिसिपीकाठच्या गावी झाला. वडिलांचा लाकडी मेजे बनवण्याचा कारखाना होता. ते शिकारीचे शौकीन, पण किती पक्षी मारायचे याची मर्यादा स्वतःच घालून घेणारे. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन लिओपोल्ड थेट ॲरिझोनात रुजू झाले.

१९१३ च्या वसंतात कुरणांचे तंटे मिटवण्यासाठी ते घोड्यावरून दूरच्या मुलखात गेले. वादळात सापडले, ओल्या अंथरुणात झोपले आणि परतताना सांधे सुजले. एका डॉक्टरने संधिवात म्हणून उपचार केले. प्रत्यक्षात तो मूत्रपिंडाचा तीव्र दाह होता. जीव थोडक्यात वाचला, पण कामावर परतायला वर्षाहून अधिक काळ लागला. पुन्हा रुजू झाल्यावर जंगलातली दगदग कमी झाली आणि शिकारीच्या प्राण्यांचे संरक्षण हा त्यांच्या कामाचा मुख्य विषय बनला.

त्या काळात या संरक्षणाचा एक भाग म्हणजे हिंस्र प्राण्यांचा नायनाट. १९१५ पासून अमेरिकी सरकारने त्यासाठी पगारी शिकारी नेमले. न्यू मेक्सिकोतील शेवटचा लांडगा आणि शेवटचा प्यूमा मारला जाईपर्यंत थांबू नये, अशी लिओपोल्ड यांची भूमिका होती. त्यासाठी त्यांनी शिकारी आणि पशुपालक यांना एकत्र आणले, पत्रके काढली, भाषणे दिली. मोहीम कमालीची यशस्वी झाली.

लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते : नर-मादीची जोडी आणि त्यांची एक-दोन वर्षांतली पिल्ले. मोठी भावंडे धाकट्यांना भरवतात, राखतात आणि पुढे वेगळी होऊन स्वतःचा कळप उभारतात. जाणती जोडी मारली गेली की अनेकदा सारे कुटुंबच विस्कटते. आज हे माहीत आहे. त्या काळी मात्र लांडगा म्हणजे मारण्याजोगे एक डोके, एवढीच नोंद व्हायची.

हिशेबाची दुसरी बाजू हळूहळू दिसू लागली. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कैबाब पठारावर हरणांसाठी राखीव क्षेत्र करून हिंस्र प्राणी मारण्यात आले होते. हरणे बेसुमार वाढली, हाताला लागेल तो पाला खाऊन बसली आणि १९२० च्या दशकात उपासमारीने मोठ्या संख्येने मेली. नेमक्या आकड्यांवर आणि कारणांवर पुढे बराच वाद झाला. उपासमार मात्र खरी होती.

१९३३ मध्ये लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. १९३५ मध्ये जर्मनीत त्यांनी एका ओळीत लावलेली जंगले पाहिली. तिथे हरणांना माणसे चारा घालत होती आणि झाडांखाली कोवळे रोप उरत नव्हते. पुढच्याच वर्षी ते मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतात शिकारीला गेले. हवामान, झाडे, डोंगर सारे ॲरिझोनासारखेच. पण इथे लांडगे आणि प्यूमा शाबूत होते. तरीही हरणे भरपूर होती, पण अति नव्हती. उतारांवर गवत होते आणि ओढ्यांचे पाणी नितळ होते. रोगट जमीन आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला निरोगी जमीन कशी दिसते, ते तिथे कळले.

घरच्या विस्कॉन्सिनमध्येही १९४० च्या दशकात हिवाळ्यात हरणे भुकेने मरू लागली. संख्या आटोक्यात आणण्यासाठी माद्याही माराव्या लागतील, असे लिओपोल्ड यांनी सांगितले आणि लोक खवळले. ज्या समजुतीविरुद्ध ते आता लढत होते, ती रुजवण्यात त्यांचाही हात होता.

याच सुमारास त्यांचे निबंधांचे पुस्तक आकार घेत होते. त्याची चित्रे काढणार असलेले त्यांचे माजी विद्यार्थी आल्बर्ट हॉखबाउम यांनी पत्रातून त्यांना टोकले : लांडगे संपल्याची हळहळ व्यक्त करताना, त्या कामात आपणही होतो, हे वाचकाला कळायला हवे. विद्यार्थ्याने गुरूला असे सुनावणे सोपे नसते आणि गुरूने ऐकणे त्याहून कठीण. १९४४ मध्ये लिओपोल्ड यांनी कड्यावरची ती दुपार लिहून काढली. मारणाऱ्यांत आपण होतो हेही लिहिले.

काही प्रकाशकांच्या नकारानंतर एप्रिल १९४८ मध्ये हस्तलिखित स्वीकारले गेले. आठवडाभराने, २१ एप्रिलला, शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवायला मदत करताना हृदयविकाराच्या झटक्याने लिओपोल्ड यांचे निधन झाले. वय ६१. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे लाखो वाचकांपर्यंत पोहोचले.

ॲरिझोनातला मेक्सिकन लांडगा तोवर जवळपास नामशेष झाला होता. अखेर अवघ्या सात प्राण्यांपासून पिंजऱ्यातील पैदास सुरू झाली आणि मार्च १९९८ मध्ये ११ लांडगे सोडण्यात आले, तेही अपाची राष्ट्रीय वनात. आज तिथल्या परिसरात अडीचशेहून अधिक लांडगे आहेत. सात पूर्वजांची ही वंशवेल असल्याने जनुकीय विविधता अपुरी आहे आणि गुरे गमावणाऱ्या पशुपालकांची तक्रारही खरी आहे. लांडगे परतले म्हणजे सारे जंगल आपोआप सावरते, असेही शास्त्रज्ञ सरसकट म्हणत नाहीत.

लिओपोल्ड यांनी ज्या पिढीला लांडगे मारायला शिकवले, तिने ते काम काही दशकांत उरकले. ती चूक दुरुस्त करायला लागणारा काळ अजून संपलेला नाही.