क्वामे एन्क्रुमा : राष्ट्राचे नाव, नेत्याची प्रतिमा

क्वामे एन्क्रुमा यांचा जन्म १९०९ मध्ये एन्क्रोफुल येथे झाला. अमेरिकेत शिक्षण घेऊन १९४७ मध्ये ते मायदेशी परतले. ६ मार्च १९५७ रोजी ‘गोल्ड कोस्ट’ ही ब्रिटिश वसाहत त्यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र झाली. सोन्याच्या व्यापारावरून परकीयांनी दिलेले नाव टाकून तिने ‘घाना’ हे प्राचीन आफ्रिकी साम्राज्याचे नाव धारण केले. ते साम्राज्य या भूमीवर नव्हते. तथापि त्या नावाने नव्या राष्ट्राला गौरवशाली भूतकाळ दिला. नाण्यांवर मात्र राणीच्या जागी एन्क्रुमांचीच छबी आली. १९६४ मध्ये एकपक्षीय राजवट स्थापन झाली. १९६६ च्या लष्करी उठावात त्यांचा पुतळा पाडण्यात आला. १९७२ मध्ये परदेशातच त्यांचे निधन झाले. पुतळा पडला, नाव मात्र टिकले. राष्ट्राची प्रतिमा आणि राज्यकर्त्याची प्रतिमा यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा.