सेल्फ कधी लागतो, कधी नुसतं टक वाजतं: स्टार्टर घडवणाऱ्या चार्ल्स केटरिंगची गोष्ट

मोटारसायकलचं बटन दाबलं की दोन सेकंदांत इंजिन चालू होतं. इतकी सवय झालीये आपल्याला की त्या दोन सेकंदांत काय घडतं हे बघायची वेळ फक्त सेल्फ बिघडल्यावर येते. त्यातही पूर्ण बंद पडलेला सेल्फ परवडतो, कारण दोष जागेवर सापडतो. खरा ताप देतो तो लहरी सेल्फ. घरी लागतो, पेट्रोल पंपावर लागत नाही. मेकॅनिककडे नेला की पुन्हा शहाण्यासारखा लागतो.

आज त्या माणसाबद्दल सांगतो ज्याने गाडीच्या इंजिनासाठी चालणारा, विकता येणारा इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला. नाव चार्ल्स केटरिंग. त्याने हे कसं सोडवलं ते कळलं, तर तुमच्या जुन्या गाडीचा दोष कुठे शोधायचा हेही आपोआप कळतं.

डोळे अधू, शिक्षण रखडलेलं

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी घरातला. डोळे लहानपणापासून कमजोर. वाचलं की डोकं दुखायचं. शाळा संपल्यावर त्याने काही काळ मास्तरकी केली, मग कॉलेजात गेला. डोळ्यांनी साथ दिली नाही म्हणून शिक्षण मध्येच सोडावं लागलं.

या काळात तो टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागला. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा जोडायच्या. पुढे तो पुन्हा ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेला. मित्र पुस्तकं वाचून दाखवायचे, हा ऐकायचा. १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळाली तेव्हा तो २७ वर्षांचा होता. म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. आपल्याकडे या वयात पदवी घेणाऱ्याला चार लोक उशीर झाला म्हणून ऐकवतात.

गल्ल्याच्या मशीनमधून मिळालेली युक्ती

पदवीनंतर डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. तेव्हा दुकानातल्या गल्ल्याचं मशीन हाताने दांडा फिरवून चालायचं. केटरिंगने त्याला छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवली. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. मोटरला दिवसभर फिरायचं नव्हतं, पण बटन दाबल्यावर क्षणभर मात्र जोरात धक्का द्यायचा होता. एवढा जोर देणारी मोटर नेहमीच्या हिशोबाने मोठी हवी. केटरिंगने उलटा विचार केला. क्षणभरच चालायचं आहे ना? मग छोटी मोटर घ्यायची आणि तिच्यावर क्षणभर जास्तीचा भार टाकायचा. तापायच्या आत काम संपतं.

१९०९ मध्ये त्याने एडवर्ड डीड्स या सहकाऱ्यासोबत डेल्को ही कंपनी काढली. सुरुवातीचं काम डीड्सच्या घरामागच्या कोठारात चालायचं.

हँडलचा उलटा फटका

त्या काळात मोटारगाडी चालू करायला पुढून लोखंडी हँडल घालून ते ताकदीने फिरवावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांच्या एका मित्राचा अशाच फटक्यानंतर मृत्यू झाला आणि त्यातून त्यांनी हँडल घालवायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगितली जाते. ती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच: ज्याच्या हातात ताकद नाही, त्याला गाडी एकट्याने चालू करता येत नव्हती.

जाणकारांचं म्हणणं होतं की इंजिन फिरवणारी मोटर जवळपास इंजिनाएवढीच मोठी लागेल. ते दिवसभर चालणाऱ्या मोटरचा हिशोब करत होते. केटरिंगच्या डोक्यात गल्ल्याचं मशीन होतं. त्याने काही सेकंदांपुरती जोर लावणारी मोटर बनवली. फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकला ती चालवून दाखवली आणि १९१२ च्या मॉडेलपासून ती गाडीत आली. तेच यंत्र इंजिन चालू झाल्यावर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायचं. आजच्या अनेक स्कूटर आवाज न करता चालू होतात, त्यातही एकच यंत्र ही दोन्ही कामं करतं.

मोटारसायकलवर हे यायला वेळ लागला. १९१४ मध्ये इंडियन नावाच्या अमेरिकन कंपनीने इलेक्ट्रिक स्टार्टरची हेंडी स्पेशल आणली. तेव्हाच्या बॅटऱ्यांना तो भार आणि रस्त्यावरचे हादरे सोसले नाहीत. वर्षभरात ते मॉडेल बंद झालं.

आता पाथरीत येऊ

माझ्या काकांची जुनी मोटारसायकल पाथरीला असते. सेल्फ लहरी. दहापैकी तीन-चार वेळा नुसतं टक वाजायचं. काकांचा गुडघा गेलेला, किक मारता येत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी सेल्फ ही चैन नाही. तो लागला नाही तर मानवत रोडवर कुणाला तरी हात करून किक मारून घ्यावी लागते. एका गॅरेजच्या सल्ल्याने नवी बॅटरी टाकून झाली होती. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच.

आता केटरिंगची युक्ती आठवा. स्टार्टर थोडाच वेळ चालतो, पण तेवढ्यात प्रचंड करंट ओढतो. हिशोबासाठी ६० अँपिअर धरू. वायरच्या एखाद्या जोडात गंजामुळे फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आला, तर तिथेच ३ व्होल्ट वाया जातात. १२ पैकी ३ गेले की मोटर रडत फिरते, अडथळा आणखी वाढला की फिरतच नाही. त्याच जोडातून हेडलाइटचे ३ अँपिअर गेले तर नुकसान होतं फक्त ०.१५ व्होल्टचं. म्हणून हॉर्न वाजतो, लाइट लागतो, आणि आपण म्हणतो की वायरिंग तर ठीक आहे. नुसता भार नसताना मोजलेला व्होल्टेज काही सांगत नाही. मोजायचं ते बटन दाबलेलं असताना.

साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलला, मेन स्टँडवर आणि मोकळ्या हवेत ठेवा. मग या क्रमाने बघा:

१. मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा आणि बटन दाबा. व्होल्टेज ९-१० च्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे.

२. व्होल्टेज फारसा उतरलाच नाही आणि मोटरही फिरली नाही, तर करंट वाटेत अडलाय. बॅटरीला दोष देऊ नका.

३. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. बटन दाबल्यावर इथे जवळपास शून्य दिसायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची वायर किंवा तिचा जोड खराब आहे.

४. हेच स्टार्टर रिलेच्या दोन जाड टोकांवर करा. रिले टक करतोय, पण तिथेच व्होल्ट अडकत असतील तर रिलेचे आतले संपर्क जळलेत.

५. हे सगळं ठीक असेल तर मोटरमधले कार्बन ब्रश झिजले असतील. आणि टकसुद्धा वाजत नसेल तर क्लच स्विच, किल स्विच, फ्यूज बघा.

दोष लहरी असल्यामुळे एकदा मोजून भागत नाही. दहा-बारा वेळा दाबून बघावं लागतं. प्रत्येक वेळी मध्ये थोडं थांबा, कारण ही मोटर क्षणभराच्या कामासाठीच बनलीये, सतत दाबलं तर जळेल. रिलेची टोकं स्क्रू-ड्रायव्हरने जोडून ठिणग्या काढायची पद्धत पेट्रोलच्या टाकीखाली तरी नको.

काकांच्या गाडीत तिसऱ्या पायरीला उत्तर मिळालं. सेल्फ लागला नाही त्या वेळी मीटरने ४ व्होल्टच्या वर दाखवलं. अर्थची वायर इंजिनाला जिथे बोल्टने जोडलेली, तिथे आमच्याकडची काळी माती बसून खाली गंज धरला होता. हादऱ्याने जोड कधी नीट टेकायचा, कधी नाही. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस लावलं. नव्या बॅटरीच्या पैशांपुढे हा खर्च काहीच नाही.

दोष इग्निशनचा नव्हताच

केटरिंगवरही एकदा चुकीच्या भागाचा आळ आला होता. त्याची इग्निशन बसवलेल्या गाड्यांच्या इंजिनात ठोके ऐकू यायचे. लोक इग्निशनला दोष देऊ लागले. केटरिंगने शोध लावून धरला, तेव्हा दिसलं की गडबड पेट्रोलच्या जळण्यात आहे. १९२० पासून तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. तिथे थॉमस मिजली या त्याच्या सहकाऱ्याने डिसेंबर १९२१ मध्ये उपाय शोधला: पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग अगदी थोडं मिसळायचं. ठोके थांबले.

लक्षण गेलं, पण शिसं विष आहे हे तेव्हाही माहीत होतं. अल्कोहोल मिसळूनही ठोके कमी होतात हे याच प्रयोगशाळेने तपासलं होतं. तरी १९२३ मध्ये शिशाचं पेट्रोल विक्रीला आलं, आणि १९२४ मध्ये ते विकण्यासाठी काढलेल्या इथिल कंपनीचा पहिला अध्यक्ष खुद्द केटरिंग झाला. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार गेले. आरोग्य तज्ज्ञांनी इशारे दिले, विक्री काही काळ थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. धुरातून ते शिसं जगभरच्या मुलांच्या रक्तात आणि मेंदूत जात राहिलं. भारतात असं पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं.

सेल्फच्या वेळी प्रत्यक्ष भाराखाली काय होतं हे विचारणारा हाच माणूस. शिशाच्या वेळी हाच प्रश्न त्याने इंजिनापुरता विचारला, रस्त्यावरच्या माणसापर्यंत नेला नाही. त्याला थोर म्हणून सोडून देणारी पुस्तकं वाचताना हे पान वगळू नका.

शेवटची वर्षं

१९४७ मध्ये तो जनरल मोटर्समधून निवृत्त झाला. त्याआधी, १९३० च्या दशकात, त्याच्या विभागाने रेल्वेला ओढू शकेल असं हलकं डिझेल इंजिन घडवलं. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधनाची जी संस्था उभी राहिली, तिच्या नावात अल्फ्रेड स्लोनबरोबर त्याचंही नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्याचं निधन झालं.

तुमच्या गाडीचा सेल्फ लहरी असेल तर आजच फोनमध्ये एक नोट उघडा. लागला नाही की तारीख, वेळ, इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, आणि टक वाजलं की नाही, एवढं लिहा. आम्ही सॉफ्टवेअरवाले लहरी बग असाच पकडतो. दुसऱ्या दिवशी सेल्फ आपोआप लागला तरी नोट पुसू नका. दोष अजून तिथेच आहे.