स्तुतीला स्वभाषा देणारा कवी

देवाची स्तुती कोणत्या भाषेत करावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ धर्मोपदेशकांचा वाटतो. वस्तुतः तो समाजाच्या मनोव्यवहाराचा प्रश्न आहे. माणूस परभाषेत हिशेब ठेवू शकतो, अर्ज लिहू शकतो. परंतु आर्जव, रुसवा आणि कृतज्ञता यांना मातृभाषाच लागते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनेत हे सत्य ज्यांनी स्वतःच्या आयुष्याची किंमत मोजून रुजविले, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. संस्कृतचा व्यासंग, कवित्व आणि कीर्तनाची आवड ही त्यांची तरुणपणाची शिदोरी. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी काही काळ संस्कृत ग्रंथांचे काम केले. पुढे १८९३ च्या सुमारास नोकरीसाठी ते राजनांदगावकडे निघाले. तो लोहमार्ग गोंदियावरूनच जातो. त्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना 'नवा करार' भेट दिला. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचा सर्वाधिक भार पत्नी लक्ष्मीबाईंवर पडला. आप्तस्वकीय दुरावले आणि पतिपत्नींची कित्येक वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतंत्र विचारान्ती ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या साऱ्या यातना त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात प्रांजळपणे उतरल्या आहेत.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी दीर्घकाळ सेवा केली व १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तेथील उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर गाण्याचा प्रघात रूढ होता. मराठी शब्दांचे आघात परक्या सुरावटीत अडखळत. तोंडाने स्तुती चाले, पण अंतःकरण तिच्या मागे राहून जाई. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग त्यांच्यापूर्वीही झाले होते. टिळकांनी मात्र अभंग, पद, भजन आणि कीर्तन ही उपासनेची स्वाभाविक वाणी ठरविली. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या सेतूवरून पोहोचलो, अशी त्यांची श्रद्धा होती.

हा बदल केवळ चालींचा नव्हता. वारकरी परंपरेत भक्त देवाशी भांडतो, त्याला माउली म्हणतो, त्याच्याशी सख्य जोडतो. ही जवळीक टिळकांनी ख्रिस्तभक्तीत आणली. त्यांच्या पदांतील ख्रिस्त दूरच्या सिंहासनावर बसलेला राजा नाही. तो गुरू आहे आणि आईही आहे. जुन्या रूपाबरोबर जुन्या श्रद्धाही परत येतील, ही शंका अशा प्रयत्नाबाबत उपस्थित होणे साहजिक होते. परंतु रूप स्वीकारले म्हणून निष्ठा ढळत नाही, हे टिळकांच्या 'अभंगांजली'वरून दिसून येते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांची गीते आजही गायिली जातात, ही त्याची खरी पावती होय.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी अधिक धाडसाचे पाऊल उचलले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले. तेथे 'देवाचा दरबार' ही कल्पना त्यांनी मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सर्व ख्रिस्तभक्त तिच्यात बंधुभावाने एकत्र यावेत, असा त्यांचा हेतू होता. ज्याच्या पैशावर उपासना चालते, त्याची छाप तिच्यावर पडते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास वेतनत्यागाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. उधारीच्या सुरांइतकाच उधारीचा पैसाही स्वत्वास बाधक ठरतो, हे टिळकांनी आचरणाने दाखविले. तथापि या प्रयोगास पुरेसा अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी नेटाने चालविले.

टिळकांचे धर्मान्तर काहींना रुचले नाही, आजही रुचणार नाही. पण धर्म बदलूनही आपली भाषा, आपला छंद आणि आपल्या संतांचे ऋण न सोडणारा हा पुरुष दोन समाजांमधील दुवा ठरला. धर्म बदलला की माणूस परका होतो, असे मानणाऱ्यांनी टिळकांचा एखादा अभंग कान देऊन ऐकावा.