योसेफ वुल्फ ह्यांचे चरित्र व शेवटल्या दिवसांचे भय

सन 2020 च्या जून महिन्याच्या 3 तारखेस निसर्ग नावाचे चक्रीवादळ आपल्या रायगड किनाऱ्यावर आदळले, तो दिवस श्रीवर्धन, मुरुड व अलिबाग ह्या तालुक्यांतील कोणीही विसरला नसेल. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. त्यातच करोनाची साथ चालू होती. हाच शेवट काय, असा प्रश्न अशा वेळी ख्रिस्ती घरांतून निघावा ह्यात नवल नाही. अमुक साली अमुक महिन्यात जगाचा अंत होणार, असे हिशेब मोबाइलवरून एका घरातून दुसऱ्या घरात जातात, आणि भोळ्या जिवांची झोप उडते. कित्येकांनी तर भयाने प्रकटीकरणाचे पुस्तक उघडणेच सोडले आहे. अशा बंधुभगिनींच्या समाधानार्थ आम्ही आज एका नामांकित ख्रिस्तसेवकाचे चरित्र सादर करतो. त्यांनी स्वतः असाच हिशेब मांडला होता, आणि त्याच काळात ते आपल्या मुंबईसही येऊन गेले होते.

योसेफ वुल्फ ह्यांचा जन्म सन 1795 मध्ये जर्मनीतील बव्हेरिया प्रांती वाइलर्सबाख गावी एका यहूदी घराण्यात झाला. त्यांचे वडील रब्बी होते. लहानपणी योसेफ शेजारच्या एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थापुढे, आमचा मशीहा येऊन आम्हांस वैभव देईल, अशी प्रौढी सांगत असे. त्या गृहस्थाने वाद घातला नाही. यशयाचा 53 वा अध्याय घरी जाऊन वाच, एवढेच सांगितले. मुलाने तो वाचला. ज्याच्याविषयी ही दुःखाची हकिकत लिहिली आहे तो कोण, असे त्याने वडिलांस विचारले. परंतु त्यांनी उत्तर दिले नाही. तो प्रश्न मुलाच्या मनातून गेला नाही. पुढे सन 1812 मध्ये प्राग शहरी योसेफ ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. एक संपूर्ण अध्याय स्वतः लक्षपूर्वक वाचल्याने ह्या चरित्रास आरंभ झाला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आरंभी ते रोमन मंडळीत होते व रोम शहरी शिकत होते. पण त्यांची मते तेथील वरिष्ठांस न रुचल्यामुळे त्यांस तेथून जावे लागले. सन 1819 मध्ये ते इंग्लंडात आले आणि केंब्रिज येथे त्यांनी शास्त्राचा व पूर्वेकडील भाषांचा अभ्यास केला. सन 1821 पासून ते मिसर, यरुशलेम, मेसोपोटेमिया व इराण ह्या देशांतून यहूद्यांस सुवार्ता सांगत फिरले. सन 1828 मध्ये ते इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांचा शोध करण्यास निघाले. ह्या प्रवासात त्यांस लुटारूंनी धरून गुलाम केले. पुढे अफगाणिस्तानच्या वाटेवर तर त्यांचे अंगावरील वस्त्रही काढून घेण्यात आले, व त्याच स्थितीत त्यांनी बर्फाचे डोंगर ओलांडले. तरी ते हिंदुस्थानात पोहोचले, आणि सन 1833 मध्ये गोव्यावरून मुंबईस आले. तेथे डॉ. जॉन विल्सन ह्यांची व त्यांची भेट झाली.

आमच्या किनाऱ्याच्या वाचकांस ह्या शोधाचे विशेष अगत्य वाटेल. अलिबागेजवळ नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या पूर्वजांची आठवण सांगणारे बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे आपले शेजारी होते. ते तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. सन 1948 नंतर त्यांपैकी बहुतेक इस्राएल देशास गेले. परंतु अलिबागेत त्यांचे सभास्थान आजही आहे. हे लोक त्या दहा वंशांपैकी असतील काय, ह्याची चर्चा त्या काळी विद्वान लोक करीत.

आता वुल्फसाहेबांच्या हिशेबाकडे वळू. दानीएलाच्या 8 व्या अध्यायाच्या 14 व्या वचनात 2300 दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरून त्या काळचे अनेक विद्वान गणित करीत. वुल्फ ह्यांनीही ते केले, आणि सन 1847 मध्ये प्रभू येईल असे ठरवून ते उघडपणे सांगितले. ते लोभी नव्हते व ढोंगीही नव्हते. प्रभूच्या दर्शनाची त्यांस अतिशय ओढ होती. पण ज्या वेळेचे ज्ञान मनुष्यास दिलेले नाही, ती त्या ओढीने त्यांनी आपल्या वहीत उतरविली.

1847 साल येण्यापूर्वी त्यांच्या धैर्याची कसोटी पाहणारा आणखी एक प्रसंग आला. बुखारा येथील अमिराने स्टोडर्ट व कॉनली ह्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांस कैदेत टाकले होते. त्यांचा शोध करण्यास वुल्फ सन 1843 मध्ये पुन्हा निघाले. अंगात पाळकाचा झगा व हातात पवित्र शास्त्र, अशा वेषाने ते त्या नगरात शिरले. त्या दोघांचा वध सन 1842 मध्येच झालेला होता. वुल्फ ह्यांचाही प्राण जावयाचा. परंतु इराणच्या शहाने रदबदली केल्यामुळे ते वाचले. परत आल्यावर ते इंग्लंडातील आइल ब्रुअर्स नावाच्या लहान खेड्याचे पाळक झाले.

त्या खेड्यात असतानाच 1847 साल उजाडले आणि मावळले. प्रभू आला नाही. अशा वेळी काही जण नवा आकडा काढतात, आणि काहींचा विश्वासच ढळतो. वुल्फ ह्यांनी दोन्ही केले नाही. सन 1860 व 1861 मध्ये आपल्या प्रवासांचा वृत्तांत प्रसिद्ध करताना, वर्ष ठरविण्यात आपण चुकलो, असे त्यांनी जगापुढे कबूल केले. प्रभू येणार ही आशा मात्र त्यांनी सोडली नाही. गावचे जुने उपासनामंदिर त्यांच्या खटपटीने नव्याने बांधले गेले. सन 1862 च्या मे महिन्याच्या 2 तारखेस ते निवर्तले, तेव्हा वयाची पासष्टी उलटली असताही ते सुवार्तेसाठी आणखी एका दूरच्या प्रवासाची तयारी करीत होते.

मग हा सद्भक्त चुकला कोठे? लहानपणी त्यांनी संपूर्ण अध्याय वाचला, आणि त्यातून त्यांस तारणारा भेटला. मोठेपणी एका वचनातील अंक त्यांनी इतर स्पष्ट वचनांच्या वर ठेवला, आणि ते फसले. ती स्पष्ट वचने आपण पाहू. मत्तय 24:36 मध्ये तो दिवस व ती घटका केवळ पित्यास ठाऊक असल्याचे प्रभू सांगतो. त्याच अध्यायाच्या 6 व्या वचनात लढायांच्या बातम्यांनी घाबरू नका, इतक्यात शेवट नाही, असा त्याचा बोध आहे. प्रेषितांची कृत्ये 1:7-8 मध्ये काळ जाणण्याची इच्छा करणाऱ्या शिष्यांस तो साक्षीचे काम नेमून देतो. थेस्सलनीका येथील मंडळीही अशाच अफवेने हादरली होती. कोणाच्या बोलण्याने किंवा आमच्या नावावर आलेल्या पत्रानेही गांगरून जाऊ नका, असे पौल त्यांस दुसऱ्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात बजावतो. आणि 3 ऱ्या अध्यायात, कामधंदा सोडून बसलेल्यांस स्वस्थपणे काम करून आपली भाकर खाण्यास सांगतो.

आपल्या कोळी बांधवांस हे सहज समजेल. तिथी पाहून ते भरती-ओहोटीची वेळ सांगतात. उधाण केव्हा आणि भांग केव्हा, हे त्यांस पाठ असते. त्या ज्ञानावरच माणसे ओहोटीत कुलाबा किल्ल्यास पायी जाऊन वेळेवर परत येतात. प्रभूचे येणे अशा कोणत्याही तिथीस बांधलेले नाही. म्हणून जो कोणी त्याची तारीख सांगतो, तो कितीही विद्वान किंवा भक्तिमान असो, त्याच्या तारखेने आपण भिऊ नये.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, मंडळीत कोणी भ्यालेला दिसल्यास त्यास हसू नये. त्याच्याजवळ बसून वर सांगितलेले अध्याय आरंभापासून शेवटपर्यंत वाचावे. नंतर प्रकटीकरणाचा पहिला अध्याय काढावा. ते पुस्तक छळ सोसणाऱ्या लहान लहान मंडळ्यांस धीर देण्यासाठी लिहिले गेले. त्याच्या आरंभीच वाचणाऱ्यास धन्य म्हटले आहे, आणि भयाने पडलेल्या योहानावर प्रभूने हात ठेवून त्याचे भय घालविले आहे.

निसर्ग वादळानंतर आपल्या किनाऱ्यावर कित्येकांनी पडलेली झाडे दूर करून पोफळीची नवी रोपे लावली. त्या रोपास सुपारी धरावयास वर्षे लागतात, हे लावणारास ठाऊक होते. प्रभू आज येवो अथवा पुष्कळ काळाने येवो, त्याने आपणांस असेच कामावर असलेले पाहावे, म्हणजे झाले.