ताराबाईंची अंगणवाडी आणि आमची लोकरीची एसटी

मैत्रिणींनो, मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या आठ जणींनी क्रोशावर लोकरीची एसटी विणायला घेतली. त्यातल्या चौघींनी तोवर क्रोशाची सुई हातात धरलेली नव्हती. तरी जमलं. बाहुली विणायची म्हणजे नाकडोळे आले, हातपाय आले, एक टाका चुकला की तोंड वाकडं. गाडीचं तसं नाही. सहा चौकोनी तुकडे आणि चार गोल चकत्या, की झाली गाडी. एखादं चाक चेपलं तरी आपल्या भागातल्या रस्त्यावरून आलीय म्हणून खपून जातं!

चाकाचं खेळणं आपल्याकडे नवं नाही. तान्ह्या पोळ्याला चाकं लावलेला लाकडी नंदी ओढल्याशिवाय आपल्याकडचं पोरगं मोठंच होत नाही. पण नंदी वर्षातून एकदा. पोरांना विचारलं तेव्हा त्यांनी लाल एसटीच मागितली. जंगलातल्या गावात एसटी आली की पोरं कशी धावतात ते तुम्हाला सांगायला नको.

गाड्या झाल्या आणि एका गावच्या अंगणवाडीत देऊन आलो. पंधरा दिवसांनी सहज डोकावले, तर सगळ्या गाड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, वरून कुलूप. मुलं घाण करतात, तपासणीला कुणी आलं तर दाखवायला चांगल्या राहायला हव्यात, असं सेविकेचं म्हणणं. राग आला, पण बोलले नाही. खरं सांगायचं तर तिचीही चूक नव्हती. वस्तू खराब झाली तर जाब तिलाच द्यावा लागतो. परतीच्या वाटेवर मात्र मला सारख्या ताराबाई मोडक आठवत होत्या. अंगणवाडी हा शब्द आज आपण उठता-बसता बोलतो, तो ज्यांच्या कामातून आला त्या ताराबाई.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. त्यांनी विधवा असलेल्या उमाबाईंशी लग्न केलं होतं, तेही त्या काळात. अशा घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली ताराबाई बी.ए. झाल्या. मग वकील असलेल्या मोडकांशी लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या, म्हणजे आपल्या विदर्भाच्या सूनबाई झाल्या.

हा संसार टिकला नाही. १९२१ साली नवरा-बायको वेगळे झाले. ताराबाईंच्या पदरी लहानगी मुलगी होती, प्रभा. तिला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण जरा थांबून विचार करा. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. एकटी बाई, कडेवर पोर, परका मुलूख, परकी भाषा. माझ्याकडे आजही अडचणीतल्या बायका येतात. नोकरी असते, हातात पैसा असतो, तरी लोक काय म्हणतील यापाशी पाऊल अडतं. ताराबाईंना ही भीती वाटली नसेल असं मी म्हणणार नाही. पण त्या गेल्या एवढं खरं.

राजकोटला सगळं ठाकठीक होतं. मानाची जागा, नियमित पगार. तेव्हाच भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाच्या माणसाने एक बालमंदिर चालवलेलं त्यांच्या कानावर आलं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात असताना मारिया मॉन्टेसरींची पुस्तकं त्यांच्या हाती पडली आणि वकिली सुटली. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलांनी हाताने वस्तू हाताळायच्या आणि त्यातून शिकायचं, हा तिथला रिवाज. ताराबाईंनी १९२३ मध्ये चांगली नोकरी सोडली आणि भावनगर गाठलं. तिथे त्यांनी नऊएक वर्षं काढली. १९२६ मध्ये गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा केला, पुढे मराठी शिक्षणपत्रिका काढली. गंमत बघा, मॉन्टेसरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या त्या १९३९ मध्ये. तोवर या दोघांचं काम कितीतरी पुढे गेलेलं होतं.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरातली शिकलेली, खाऊनपिऊन सुखी घरातली मुलं तिथे येऊ लागली. नाव झालं, व्याप वाढला. कुणीही इथेच समाधानाने थांबलं असतं.

पण एक गोष्ट होती. मॉन्टेसरींची पहिली शाळा १९०७ साली रोममध्ये निघाली ती अगदी गरिबांच्या वस्तीत. आपल्याकडे येईपर्यंत ती पैसेवाल्यांची झाली. कारण साहित्य. लाकडाचे गुळगुळीत ठोकळे, दट्टे, मनोरे, घंटा, सगळं मापात बनवलेलं आणि महाग. खेड्यातल्या शाळेने ते कुठून आणायचं? आणि आणलंच तर काय होतं ते आपण पाहिलंच, कपाट आणि कुलूप.

१९४५ च्या डिसेंबरात ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्यांचं वय तेव्हा ५३. त्या वयात आपण गुडघ्यांना तेल लावत नातवंडांची वाट बघतो, या बाई नवीन शाळा काढायला निघाल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. अनुताई मूळच्या मोरगावच्या, बालविधवा, शिक्षिका. बोरिवलीच्या एका शिबिरात दोघींची गाठ पडली आणि ती जन्माची झाली. इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

शाळा तर काढली, पण पोरं येईनात. खाऊनपिऊन बऱ्या घरातली थोडी यायची. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुळीच नाही. मग बाया घरोघर हिंडल्या, मुलांना गोळा करून आणलं, आंघोळी घातल्या, नखं कापली, केस विंचरले. आज आणली की उद्या गायब! तेव्हा ताराबाईंनी सरळ उलटा विचार केला. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. वस्तीतलं एखादं अंगण झाडायचं, दिवसातले थोडे तास तिथेच खेळ, गाणी, गोष्टी. आया जवळच काम करताहेत, पोरं डोळ्यांसमोर आहेत. ही अंगणवाडी. इमारत नाही, बाकं नाहीत.

आणि साहित्य? बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शिंपले, नदीतले खडे, झाडाच्या बिया, पानं, फुलं, काड्या, माती. मोजायला खडे, रंग ओळखायला फुलं, लहानमोठं लावायला शिंपले. हरवलं तर उद्या दुसरं. त्याला कुलूप कोण लावणार? महागाच्या ठोकळ्याने जे साधायचं तेच या फुकटच्या वस्तूंनी साधतं. पण ते मूल हाताळेल तेव्हाच, आणि हाताळायचं तर तुटण्या-हरवण्याची भीती मोठ्या माणसाच्या मनातून आधी जायला हवी. मला विचाराल तर ताराबाईंच्या कामातली हीच बाजू सगळ्यात मोठी आहे. पुरस्काराच्या बातम्यांत ती कुठे दिसत नाही.

१९५७ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली लोकांमध्ये. तिथली अडचण आणखी निराळी. मुलं रानात गुरं घेऊन जाणार, लाकूडफाटा आणणार. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडं. त्यांना शाळेत या म्हणणं म्हणजे घरच्या कामाला नाही म्हणणं. मग शिक्षकच कुरणात गेले. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली शिकताहेत, तिचं नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, त्याला लागून प्राथमिक शाळा, म्हणजे थोरली बहीण निश्चिंत शिकायला मोकळी. याला विकासवाडी म्हणत. बोलीचाही प्रश्न होताच. घरी वारली बोली आणि पुस्तकात शहरी मराठी, पोरगं गप्पच बसणार. भामरागड, एटापल्लीकडे ज्या सेविका काम करतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला तिथेही मराठी परकीच वाटते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. ते बघायला त्या नव्हत्या. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालवलं. टेकडीवरच्या त्या दिवसांवर त्यांनी लिहिलेलं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

आता आमच्या गाड्यांचं सांगते. कुलपाचं कारण शोधायला गेले तर अर्धा दोष आमचाच निघाला. आम्ही आत सावरीचा कापूस भरला होता. हौसेने, जंगलातला म्हणून. एक गाडी धुऊन पाहिली तर आत गोळे झाले आणि एसटीची म्हैस झाली! शिवाय दिव्यांच्या जागी बटणं लावली होती. लहान मूल ती ओढून तोंडात घालणार, हे आठ आयांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

म्हणून दुसऱ्यांदा विणल्या त्या अशा. सुई लोकरीच्या मानाने जरा बारीक, म्हणजे वीण घट्ट बसते. बाजूंसाठी २१ साखळ्या घालून, परतताना पहिली सोडून २० मुके खांब, अशा १२ ओळी, असे दोन तुकडे. टप आणि तळासाठी तेच २० खांब, पण १० ओळी, हेही दोन. पुढच्या-मागच्या बाजूला ११ साखळ्यांवर १० खांब आणि १२ ओळी, पुन्हा दोन. चाकाला काळ्या लोकरीच्या गोलात ६ मुके खांब, दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे १२, तिसऱ्या फेरीत एका खांबात एक आणि पुढच्यात दोन असे १८. अशा दोन चकत्या पाठीला पाठ लावून शिवल्या की एक जाड चाक. आत लोकरीचे उरलेले तुकडे बारीक कातरून भरले, ते धुतल्यावर लवकर वाळतात. दिवे आणि खिडक्या लोकरीनेच भरल्या. अगदी नवशिकी असाल तर आधी चारही चाकंच विणा, हात बसतो.

नव्या गाड्या घेऊन गेलो तेव्हा सेविकेला सांगितलं, फाटली तर आम्ही शिवू, हरवली तर दुसरी विणू, वहीत तसं लिहून सही करून देतो. तिने सही घेतली नाही, पण गाड्या बांबूच्या टोपलीत घालून खाली जमिनीवर ठेवल्या. पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या टपावर गोटे आणि मोहाच्या बिया लादल्या. महिन्याभरात दोन चाकं निघाली, ती सेविकेनेच दाभणाने शिवली. एक गाडी कुणाच्या तरी घरी गेलीय, अजून परत आलेली नाही. तिच्या जागी काय हवं म्हणून विचारलं तर सगळ्यांनी एका सुरात ट्रॅक्टर मागितला. त्याची मागची चाकं मोठी हवीत, म्हणून सध्या २४ खांबांची चौथी फेरी घालून बघतेय.