लेफ्टनंट कार्नो यांचे एकमेव पुस्तक

कॅडेट मित्रांनो, ‘कार्नो इंजिन’ आपण भौतिकशास्त्रात शिकतो. पण हे कार्नो प्राध्यापक नव्हते, तर फ्रेंच सैन्यातील अधिकारी होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

सादी कार्नो यांचा जन्म १ जून १७९६ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लाझार कार्नो हे क्रांतिकाळातील फ्रेंच सैन्याचे संघटक, शिवाय गणिती. फारसी कवी सादी यांच्यावरून त्यांनी मुलाचे नाव ठेवले. मार्च १८१४ मध्ये शत्रू पॅरिसच्या वेशीवर आला, तेव्हा एकोल पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांबरोबर सादीही व्हँसेनला लढले. पुढच्याच वर्षी नेपोलियन हरला, वडिलांना देश सोडावा लागला आणि मुलाची बढती अडली. किल्ल्यांच्या पाहणीचे कंटाळवाणे काम वाट्याला आले. अखेर अर्ध्या पगारावर रजा घेऊन ते पॅरिसमध्ये अभ्यासाला बसले.

१८२४ साली व्हिएन्नात बेथोव्हेनची नववी सिंफनी प्रथमच वाजली. ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी गेलेले कवी बायरन मिसोलोंघीत वारले. कियोस या ग्रीक बेटावरील कत्तलीचे देलाक्रुआ यांचे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात गाजले. त्याच वर्षी, त्याच पॅरिसमध्ये कार्नो यांनी ११८ पानांचे पुस्तक स्वखर्चाने छापले. त्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

वाफेच्या इंजिनांत इंग्लंड तेव्हा फ्रान्सच्या फार पुढे होते. इंजिन सुधारायला सगळेच धडपडत होते. कार्नो यांनी विचारले, कितीही सुधारले तरी उष्णतेतून जास्तीत जास्त काम किती मिळेल? पाणी खाली पडताना पाणचक्की फिरवते, तशी उष्णता गरमाकडून थंडाकडे जाताना काम करते, असे त्यांनी मांडले. मर्यादा दोन तापमानांवरून ठरते. आत वाफ आहे की हवा, याने ती बदलत नाही. उष्णता हा न संपणारा द्रव आहे, ही त्या काळची चुकीची समजूत पुस्तकात होती. पुढे खासगी टिपणांत त्यांनी ती स्वतःच सोडली. मला तर हे पुस्तकाइतकेच मोठे वाटते.

२४ ऑगस्ट १८३२ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी ते कॉलऱ्याने गेले. बरेच कागदही नष्ट झाले. उरलेली टिपणे धाकटे भाऊ इपोलित यांनी जपली.

१८३४ मध्ये इंजिनिअर क्लापेरों यांनी त्या पुस्तकावर लेख लिहिला. तो वाचून १८४५ मध्ये विल्यम थॉमसन या तरुणाने पॅरिसची पुस्तकांची दुकाने पालथी घातली. दुकानदारांनी पुढे केले ते इपोलित यांचे पुस्तक! सादींचे नाव कोणाला माहीतच नव्हते. तीन वर्षांनी थॉमसन यांनी कार्नो यांच्याच विचारावर तापमानाची निरपेक्ष मोजपट्टी उभी केली. हेच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाले.