सायकल विकणारा मास्तर

समजा, यंदाच्या कापसाच्या पैशातून तुम्हाला ई-सायकल घेऊन द्यायचं बाबांनी एकदाचं कबूल केलंय. वर्ध्याहून सेवाग्रामच्या कॉलेजात जायचं, आठेक किलोमीटर. मोबाइलवर शोधता शोधता तुम्ही एका मॉडेलवर येऊन थांबता. त्याला साखळीच नाही! साखळीच्या जागी काळा दातेरी पट्टा. गिअरच्या चकत्यांची उतरंड नाही, सगळं मागच्या चाकाच्या हबमध्ये. मूठ फिरवली की गिअर खटखट न करता, रेडिओचा आवाज वाढवावा तसा सरकत जातो. एकदम भन्नाट. मग किंमत दिसते आणि तुम्ही मोबाइल उलटा करून ठेवता.

घ्यावी की नाही? थांबा. त्याआधी एका मास्तरांना भेटा. नवीन, महागडं आणि गावात कुणीच न पाहिलेलं यंत्र घ्यायचं-विकायचं कसं, हे त्यांना तुमच्या वयातच कळायला लागलं होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक, घरात शिस्त कडक. पोराचं मन मात्र चित्रात आणि यंत्रात. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचले. तिथे काही काळाने लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगांधळेपणा! कल्पना करा, तुम्ही बारावीनंतर घरच्यांशी भांडून एखाद्या कोर्सला जाता आणि दोन वर्षांनी कळतं की तो आपल्याला जमणारच नाही.

ते गावी परतले नाहीत. रंग नको तर रेषा, असं ठरवून यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक म्हणून लागले. संस्था तेव्हा नवी कोरी होती, १८८७ ची. मोकळ्या वेळात मास्तर वर्कशॉपमध्ये जायचे आणि हात काळे करून घ्यायचे.

त्या काळचं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा, कारण तुमच्या सायकलचं मूळ तिथे आहे. एकच इंजिन, छताखालून जाणारा लांब लोखंडी दांडा आणि त्यावरून खाली प्रत्येक यंत्रावर उतरलेले चामडी पट्टे. लेथचा वेग बदलायचा तर पायऱ्यापायऱ्यांची पुली असायची. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकवायचा, की वेग बदलला. तुमच्या साध्या गिअरच्या सायकलमध्ये साखळी एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते, ती हीच गोष्ट. आणि ते महागडं हब? त्यात पायऱ्याच नाहीत. आत दोन कड्यांमध्ये दाबून बसवलेले पोलादी गोळे असतात. मूठ फिरवली की गोळ्यांचे आस कलतात. मग एका बाजूच्या कड्याला गोळ्याचा मोठा घेर मिळतो, दुसऱ्या बाजूच्याला लहान, आणि वेगाचं गुणोत्तर बदलतं. मधला कुठलाही वेग मिळतो, सिग्नलला उभं असतानासुद्धा बदलता येतो. बदल्यात हबचं वजन दोन किलोच्या वर आणि थोडी ताकद आतल्या आत खर्च.

मास्तरांना मुंबईच्या रस्त्यावर सायकल दिसली तेव्हा ती जगातच नवी होती. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी स्टार्लीची रोव्हर सायकल इंग्लंडात १८८५ साली आलेली. हवेच्या टायरचं पेटंट डनलॉपने घेतलं १८८८ मध्ये. आणि त्याच १८८८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लक्ष्मणरावांनी रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान काढलं. नाव किर्लोस्कर ब्रदर्स. पुढे पंप, नांगर, इंजिनं असं सगळं ज्या नावाने देशभर गेलं, ते नाव पहिल्यांदा लागलं सायकलच्या दुकानावर.

मास्तर मुंबईत नोकरी सांभाळून सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे, ७०० ते १००० रुपयांना. मास्तराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी ही रक्कम! आणि वर १५ रुपये चालवायला शिकवण्याचे. मला या धंद्यातलं सगळ्यात आवडतं ते हे १५ रुपयांचं कलम. दुकानदार सायकल हातात देऊन नमस्कार करून मोकळा होत नव्हता. गिऱ्हाइकाला ती जमेपर्यंत तो बरोबर होता, आणि मोडली तर दुरुस्तीही त्याच दुकानात. बेळगावात दुसरं कोण करणार होतं?

इकडे मुंबईत हक्काची बढती मास्तरांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. काही काळाने सायकलींकडून त्यांचं लक्ष शेताकडे वळलं. कडबा कापायचं यंत्र काढलं, मग लोखंडी नांगर. आता गंमत पाहा. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. नांगर खपायला सुरुवात व्हायलाच दोनेक वर्षं गेली. आपण सहज म्हणतो, अडाणी लोक. पण ज्याचं अख्खं वर्ष एका वावरावर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूला दहा प्रश्न विचारले तर त्यात वेडेपणा काय?

त्यात बेळगाव नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी जमीन दिली आणि दहा हजारांचं बिनव्याजी कर्जही. कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ, निवडुंग आणि साप. तिथे १० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडी सुरू झाली. पुढचा इतिहास तुम्ही कुठे ना कुठे वाचलाच असेल. आजीला विचारा, तिने 'किर्लोस्कर' मासिक नक्की वाचलेलं असणार. तेही याच वाडीतून १९२० मध्ये निघालं.

या कथेचा एक धागा थेट आपल्या वर्ध्याशी जुळतो, आणि तो कुणी फारसा सांगत नाही. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने गांधीजींच्या पुढाकाराने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, सुधारलेल्या चरख्यासाठी. अटी वाचाल तर वाटेल, एखाद्या चोखंदळ गिऱ्हाइकाने लिहिल्यात. यंत्र हलकं हवं आणि साध्या झोपडीत हातापायाने चालवता यावं. बाईने आठ तास चालवलं तरी ती फार थकू नये. भारतातच बनवता यावं, किंमत १५० रुपयांच्या आत. वीस वर्षं टिकावं आणि सुटे भाग बदलायचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. म्हणजे वर्षाला फार तर साडेसात रुपये.

किर्लोस्करांच्या कारखान्याने चरखा बनवून पाठवला. नांगर ओतणारे, पंप बनवणारे, देशातले नावाजलेले कारागीर! चाचण्या झाल्या, पण तो चरखा सगळ्या अटींना उतरला नाही. ते लाखाचं बक्षीस कुणालाच मिळालं नाही. चरख्यांचे वेगवेगळे प्रकार वर्ध्यातच पाहायचे तर मगन संग्रहालयात जा. १९३८ चं आहे आणि आपण तिथे शाळेच्या सहलीनंतर कधी जातच नाही. पेटी चरख्यासमोर जरा थांबा. मोठं चाक दोरीने धाकट्या चाकाला फिरवतं, धाकटं चाक चातीला. पट्टा आणि वेगाचं गुणोत्तर, दोन्ही तिथेच. दोरी तुटली तर गाठ मारायची, झालं.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. आता तो उलटा ठेवलेला मोबाइल परत सरळ करा.

पट्ट्याला तेल लागत नाही. आपली काळी माती आणि उन्हाळ्यातली धूळ तेलात मिसळून साखळी कशी खाते, हे तुम्हाला माहीत आहे. पट्टा धुतला की झालं, आणि तो साखळीपेक्षा टिकतोही जास्त. पण तो अखंड असतो, साखळीसारखा तोडून जोडता येत नाही. म्हणून सायकलची फ्रेमच मागे उघडणारी लागते. चकत्यांवर तो उड्या मारू शकत नाही, म्हणून गिअर हबमध्ये जातो. हबने मागच्या चाकाची जागा घेतली, की मोटर तिथे बसत नाही. ती पेडलपाशी घ्यावी लागते किंवा पुढच्या चाकात. आपल्याकडच्या स्वस्त ई-सायकलींची मोटर बहुतेक मागच्या चाकात असते. किमतीतला फरक असा एकातून एक वाढत जातो. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर पासिंग किंवा लायसन्सची भानगड नाही, तेवढं मात्र विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आणि सेवाग्रामचा रस्ता कसा आहे? सपाट. रोज हिंदी विद्यापीठाची टेकडी चढायची असेल किंवा मागे बहिणीला बसवून न्यायचं असेल, तर सरकत्या गिअरचा उपयोग आहे. नुसत्या सपाट रस्त्याला पट्टा आणि एकच गिअर पुरतो, मोटर आहेच की मदतीला. मी असतो तर तेच घेतलं असतं आणि उरलेले पैसे बाबांना परत दिले असते. तुमचा रस्ता वेगळा असेल.

दुकानात गेलात की दुकानदाराला मागचं चाक तुमच्यासमोर काढून परत बसवायला सांगा. पंक्चर काय फक्त नागपुरात होत नाही. नवा पट्टा कुठून येतो, किती दिवसांत आणि कितीला, ते बिलाच्या मागे लिहून घ्या. हब बिघडलं तर ते उघडणारा माणूस कोण, त्याचंही नाव लिहा. मग त्या आकड्यांची बेरीज करा आणि सायकलच्या किमतीच्या पाच टक्क्यांशी ताडून बघा.